जाम झालेलं काळं शिवणयंत्र: आधी ओळख, मग तेल, आणि रंग शक्यतो नाहीच

‘चाक फिरत नाही, मशीन मेलं, भंगारात द्या.’ जुन्या काळ्या शिलाई मशीनबद्दल हा निकाल घरोघरी दिला जातो आणि बहुतेक वेळा तो चुकतो. बिडाचं अंग, पोलादाचे दांडे, प्लास्टिकचा एकही दाता नाही. अशा यंत्रात मोडण्यासारखं फार थोडं असतं. ते अडकतं ते तेल सुकल्यामुळे. मशीनचं तेल संपलं की हाताशी असलेलं खोबरेल नाहीतर गोडेतेल दोन थेंब सोडायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. खोबरेल थंडीत थिजतं, गोडेतेल हवा लागून लाखेसारखं कडक होतं, त्यावर कापडाचा भुसा बसतो आणि दहा वर्षं माळ्यावर पडलं की सगळं एकजीव होऊन जातं. हे सोडवायला ताकद लागत नाही, वेळ लागतो.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्रात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या मशीनबद्दल आहे: सिंगर कंपनीचं १५ नंबरचं मॉडेल आणि त्याच धर्तीवर भारतात बनलेली पायमशीनं, हातमशीनं. पुढे येणारे ६६, २८ असे आकडेही सिंगरच्या मॉडेलांचेच.

आधी हे ठरवा की मशीन कोणतं

स्टँडवर ओतलेलं नाव वाचून मशीन ओळखू नका. पन्नास-साठ वर्षांत वरचं डोकं बदललं जातं, स्टँड तोच राहतो. सिंगरच्या जाळीदार स्टँडवर लुधियानाचं डोकं बसलेलं असणं अगदी नेहमीचं. पृष्ठभागावरच्या सोनेरी नक्षीवरही जाऊ नका, कारण तिची नक्कल सर्रास व्हायची. खरी ओळख बॉबिनजवळ, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाजवळ असते.

सुईच्या खालची सरकपट्टी बाजूला करा. गोल बॉबिन, ती धातूच्या डबीत, आणि डबी डाव्या टोकाला उभी बसत असेल तर मशीन १५ च्या घराण्यातलं. उषा, मेरिट आणि लुधियानात बनलेली बहुतेक घरगुती मशीनं याच रचनेची आहेत. गोल बॉबिन वरून आडवी पडत असेल तर ते ६६, किंवा त्याचं धाकटं भावंड ९९, किंवा जरा भारदस्त २०१. बॉबिन गोल नसून बारीक लांब काडीसारखी असेल आणि ती होडीच्या किंवा बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये जात असेल, तर तुमच्या हाती २७, २८, १२७ किंवा १२८ आहे. त्यात २८ आणि १२८ आकाराने लहान. चांभाराकडे असतं ते, ज्याचा पाय सगळीकडे फिरतो आणि कातडं कुठूनही शिवता येतं, ते २९. जुन्या शिंप्यांच्या दुकानातलं लांब, फक्त सरळ टाका घालणारं दणकट डोकं ३१ असण्याची शक्यता मोठी.

हा फरक नुसत्या माहितीसाठी नाही. १५ चे सुटे भाग आजही बनतात आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. लांब बॉबिनच्या मशीनचं शटल हरवलेलं असेल तर शोधाशोध करावी लागते, आणि मिळालेलं शटल त्याच मशीनला नीट बसेल याची खात्री नसते. विकत घेताना म्हणूनच सगळ्यात आधी शटल आत आहे का ते बघा, मग नक्षी.

आता नंबर. सिंगरच्या डोक्यावर, उजवीकडे खांबाच्या पायथ्याशी, बिडाच्या तळावर तो ठोकलेला असतो. कापडाने पुसा, तेलाचं बोट फिरवा आणि बॅटरीचा प्रकाश तिरका पाडा. खोबणीत मळ असला तरी आकडे उठून दिसतात. नुसते आकडे असतील, आधी अक्षर नसेल, तर मशीन साधारण १९०० च्या आधीचं. त्यानंतर आकड्यांच्या आधी रोमन अक्षर येऊ लागलं, आणि त्या अक्षरावरून कारखाना कळतो. भारतात आलेली बहुतेक सिंगर स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक कारखान्यातली. त्या भागाचं नाव किलबोवी, म्हणून मॉडेलच्या आकड्यापुढे ‘के’ लागतो: १५के, २८के, ६६के. ‘एफ’ आणि ‘वाय’ ही क्लाइडबँकची अक्षरं. ‘वाय’ १९२१ ते १९३५ या काळातलं. पुढे दोन अक्षरी मालिका आली: ‘ईए’ १९३५ पासून, आणि ‘ईई’ ते ‘ईजे’ ढोबळपणे १९४७ ते पन्नाशीची पहिली काही वर्षं. ‘जी’, ‘एए’, ‘एबी’ दिसलं तर मशीन अमेरिकेतल्या न्यू जर्सीचं. एक लक्षात ठेवा, नंबरावरून कळते ती तारीख नंबरांचा गठ्ठा कारखान्याला दिला गेला त्या दिवसाची. मशीन तयार होऊन बोटीत चढलं ते त्यानंतर.

खांबावरची पितळी मुद्राही बोलते. तिच्याभोवती निळी कड आणि १८५१ ते १९५१ अशी वर्षं असतील तर ती सिंगरच्या शताब्दीची. आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं ते १८५१ मध्ये. मशीन उलटं करून खालच्या भागांवर ‘सिमान्को’ असा ठसा शोधा. हा सिंगरच्या स्वतःच्या भागांवरचा ठसा. एखाद्या भागावर तो आहे आणि शेजारच्यावर नाही, तर मधे कधीतरी दुरुस्ती झालेली आहे. नक्षी सिंगरची, पण खाली कुठेच ठसा नाही, असं असलं तर डोकं देशी नक्कल असण्याचा संशय घ्या. त्यात कमीपणा काही नाही. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात सुरू केलेल्या उषाची जुनी डोकी आजही उत्तम टाका घालतात.

(यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं. आपल्या घरांत ती इतकी का शिरली, याचं उत्तर मात्र हप्त्यांवर विकण्याच्या कंपनीच्या पद्धतीतही आहे.)

जुन्या मशीनच्या नावाखाली फसवणुकीचाही धंदा चालतो. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो, आणि लोकांनी वेड्यासारख्या किमती मोजल्या. असा कुठलाही पारा त्यात नसतो. सुईजवळ मोबाइल नेऊन ‘बघा, सिग्नल गेला’ असं दाखवणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

स्क्रूला हात लावण्याआधी

प्रत्येक बाजूचा फोटो काढा. वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या भागाचा आणि खालच्या बाजूचा तर जवळून. स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा झकास: एका वाटीत पुढच्या झाकणाचे, दुसरीत सुई-प्लेटचे, तिसरीत डबीजवळचे. सिंगरच्या स्क्रूचे आटे कंपनीचे स्वतःचे होते. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचा स्क्रू मिळत नाही, आणि जवळच्या मापाचा जबरदस्तीने बसवला की बिडातले आटे जातात.

स्क्रूड्रायव्हरची धार खाचेत पूर्ण भरली पाहिजे, रुंदीलाही आणि जाडीलाही. घरातल्या पाचरीसारख्या निमुळत्या स्क्रूड्रायव्हरने खाच फाटते. दोन-तीन मापं घेऊन त्यांची टोकं कानशीने सपाट करून घेतली तर निम्मं काम झालं. न हलणाऱ्या स्क्रूवर तेल सोडा, हेअर ड्रायरने गरम करा, थंड होऊ द्या, पुन्हा तेल. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने फिरवून मग सैल करा. बरेच स्क्रू अशाने सुटतात.

पायमशीनचं डोकं मागे कलवण्याआधी लाकडातल्या दोन बिजागऱ्यांचे स्क्रू तपासा. ते डोक्याच्या मागच्या दोन भोकांत शिरलेल्या पिनांना धरून ठेवतात. सैल असतील तर सगळं डोकं मागे घसरून पायावर येतं.

जाम सोडवणं

पट्टा काढा. सुई काढा, कापड दाबणारा मशीनचा पाय वर उचला. डाव्या टोकाचं झाकण, सुई-प्लेट, सरकपट्टी, डबी हे सगळं बाहेर. आता डबीच्या जागेत बघा. मशीन जाम असण्याचं पहिलं आणि सगळ्यात सोपं कारण इथेच सापडतं: हूकच्या (सुईचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या) मागे, त्याच्या चक्राकार खोबणीत, गुंडाळलेला दोरा. हूकला धरणारं कडं काही जुन्या डोक्यांत स्क्रूने बसवलेलं असतं, पुढच्या देशी मशीनमध्ये दोन बाजूंना दोन खटके असतात. ते उघडून हूक बाहेर काढा. खोबणीत टाचणी फिरवली की राखाडी, तेलकट, नमद्यासारखी घट्ट झालेली भुश्याची वेटोळी निघतात, आणि कधी त्यांच्यातच मोडलेल्या सुईचं टोक असतं. ते टोक हूकच्या अणीला ओरखडा पाडतं, म्हणून अणीवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, अगदी हलक्या हाताने गुळगुळीत करा. अणीचा आकार मात्र बदलू देऊ नका.

दुसरी जागा हातचाकाची. चाकाच्या आणि खांबाच्या फटीत दोरा गुंडाळला गेलेला असतो आणि तो ब्रेकसारखा आवळतो. तोही चिमट्याने ओढून काढा.

एवढं करूनही चाक हलत नसेल तर मग सुकलेलं तेल. ते विरघळवायला रॉकेल उत्तम, पण आता ते सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. त्याआधी मशीनच्या सगळ्या काळ्या भागावर मशीनच्या तेलाचा हात फिरवा, म्हणजे ओघळ नक्षीवर चढणार नाही. काम गॅलरीत, हवेशीर जागी, जवळ देवघरातला दिवासुद्धा नको. बाटलीच्या बारीक नळीने किंवा सिरिंजने तेलाच्या प्रत्येक छिद्रात आणि धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक सांध्यात सोडा: सुईदांडी, पायाची दांडी, दोरा उचलणारा हात. मागे गोल झाकण असतं, त्यातून आतला जोडदांडा दिसतो, तिथे. डोकं कलवून खाली, कापड सरकवणारे दात ज्यांनी हलतात ते दोन आडवे दांडे, त्यांच्या दोन्ही टोकांना.

मग रात्रभर सोडा. सकाळी दोन्ही हातांनी चाक मागेपुढे दाबा, फक्त हिसडे देऊ नका. पान्हा, पक्कड, हातोडी यातलं काही नाही. केसभर हललं तरी पुरे, कारण तेवढ्या हालचालीने द्रव आत शिरतो. पुन्हा सोडा, पुन्हा थांबा. तीन-चार दिवसांतही काही हललं नाही तर अडकण नेमकी कुठे ते शोधा: सुईदांडी हाताने वरखाली दाबून बघा, खालचे दांडे बोटाने ढकलून बघा. वरचं सगळं मोकळं आणि खालचं घट्ट असं बऱ्याचदा निघतं. त्या जागी हेअर ड्रायर धरा. गरम झालं की चिकट तेल पातळ होतं. फवाऱ्याच्या गंजनाशकाने जाम सुटतो, पण ते वंगण नव्हे. त्यानंतर मशीनचं तेल नाही सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

खालच्या दांड्यांची टोकं शंकूच्या अणीच्या स्क्रूंवर तोललेली असतात, त्यांवर लॉकनट. कोणीतरी ‘ढिले झालेत’ म्हणून ते आवळून ठेवलेले असले तर सगळं मशीन जड चालतं. लॉकनट सोडून स्क्रू किंचित मागे घ्या. दांडा सहज फिरला पाहिजे आणि आडवा हलवल्यावर खडखडता कामा नये.

चाक मोकळं झालं की चिंधीत पांढरं निघेपर्यंत पुसा, मग मशीनचं स्वच्छ पातळ तेल प्रत्येक जागी एक-दोन थेंब. एक गोष्ट मात्र करू नका: सुईदांडीला धरणारा स्क्रू ‘जरा साफ करू’ म्हणून सोडू नका. त्याच्यावर सुईची उंची ठरते. सुई खालून वर यायला लागते तेव्हा हूकची अणी तिच्या भोकाच्या जरा वरून जायला हवी; हे मिलिमीटरचं गणित बिघडलं की टाके सुटतात. सोडावाच लागला तर आधी दांडीवर बारीक खूण करून घ्या.

चाक फिरतं, सुई हलत नाही

हातचाकाच्या मध्ये जे छोटं गोल बटण आहे ते बॉबिन भरताना सैल करायचं असतं. ते कधीच घट्ट झालं नाही म्हणून लोक मशीन बिघडलं समजतात. आधी ते आवळून बघा. तरी सुटलेलंच राहिलं तर बटणातला चिमुकला स्क्रू काढा, बटण फिरवून बाहेर घ्या. आत तीन कान बाहेरच्या बाजूला असलेली चकती दिसेल. तेल पुसून परत बसवा. तरी पकड येत नसेल तर ती अर्धा फेरा फिरवून, नाहीतर उलटी करून बघा. एकाच दिशेने ती बरोबर धरते. जुन्या मशीनमध्ये ही चकती हमखास चुकीची बसवलेली निघते.

टेन्शन: इथे घाई नको

टाका बिघडला की सगळे टेन्शनचा नट फिरवत बसतात. मी आधी तो पूर्ण उघडतो. आत एका खिळ्यावर दोन चकत्या असतात, फुगीर बाजू एकमेकींकडे. त्यांच्यामध्येच भुश्याचा थर असतो. कागदाच्या कडेने तो काढा, चकत्या पुसून चकचकीत करा. गंजाचा ठिपका असेल तर त्यावर दोरा घासून तुटतो. पुढे दोरा परत ओढणारी वळवी तारेची स्प्रिंग. तिचं टोक झिजून खाच पडली असेल तर बदला, स्वस्त भाग आहे. नंतर दाब देणारी चकती, शंकूसारखी स्प्रिंग, आकड्यांचा डायल असल्यास तो, आणि शेवटी नट. मधल्या खिळ्यात एक बारीक पिन असते. पाय वर केला की ती चकत्या सैल सोडते. ती हरवली किंवा चिकटली की पाय वर असतानाही दोरा अडकतो, आणि कापड काढताना सुई वाकते.

आता पाय खाली करून दोरा ओढा, त्याला अडखळ नसलेला सारखा विरोध लागला पाहिजे. पाय वर केल्यावर दोरा मोकळा सुटला पाहिजे. डबीची कसोटी वेगळी: भरलेली बॉबिन घालून डबी नुसत्या दोऱ्यावर लटकवा. ती सरसर खाली गेली तर सैल, हलकासा झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर बरोबर. डबीच्या बाजूचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि तो पूर्ण काढू तर नकाच; जमिनीवर पडला की सापडत नाही.

अंग, नक्षी आणि रंगाचा मोह

काळ्या रंगावरची सोनेरी नक्षी म्हणजे चिकटवलेलं चित्र, आणि जुन्या मशीनवर त्याच्या वर लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, अमोनियाचा काच-क्लीनर यांपैकी काहीही लागलं की लाख विरघळते आणि सोनं चिंधीवर येतं. नक्षीवर फक्त मशीनचं तेल आणि जुन्या सुती बनियनचा तुकडा, गोल गोल, दाब न देता. काळपट पिवळी झाक हळूहळू निघते. सगळी काढायच्या मागे लागू नका. थोडी राहिली तरी चालते, नक्षी गेली तर परत येत नाही.

गॅरेजमधून काळा स्प्रे मारून ‘नवं’ केलेलं मशीन मला बघवत नाही. तेलाच्या छिद्रांत रंग, नंबर बुजलेला, मुद्रेवर थर. असं मशीन विकत घेऊ नका आणि स्वतःच्या मशीनचं असं करू नका.

चकचकीत भागांचा, म्हणजे सुई-प्लेट, सरकपट्टी, चाकाची कड यांचा गंज शून्य नंबरच्या बारीक स्टील वूलने, तेल लावून घासा. फार गंजलेला सुटा पोलादी भाग कोमट पाण्यातल्या लिंबूसत्त्वात तासभर ठेवता येतो. मग धुवा, लगेच सुकवा, तेल लावा. रंगवलेला भाग त्यात बुडवायचा नाही. कोकणातल्या घरात हा शेवटचा तेलाचा हात विसरलात तर पुढच्या पावसाळ्यात पहिले पाढे पंचावन्न.

पायटा, पट्टा, मोटर

स्टँडचं काम सोपं आहे. पायट्याच्या दोन्ही बाजूंचे शंकू, उभा दांडा आणि मोठं चाक यांच्या सांध्यांत तेल, सैल नट आवळणं. चामड्याचा नवा पट्टा थोड्या दिवसांनी ताणतो, म्हणून तारेची पिन लावताना तो चाकावरून घसरणार नाही एवढाच घट्ट ठेवा. फार आवळला तर पाय जड पडतो. सागवानी फळीला वाळवी किंवा भुंगा लागलाय का ते खालून बघा.

नंतर बसवलेली जुनी मोटर असेल आणि तिच्या वायरवरचं रबर तडकलं असेल तर ती प्लगमध्ये घालून ‘चालते का’ बघू नका. वायर आणि पायाचा स्विच जाणकाराकडून बदलून घ्या. काढून ठेवली तरी बिघडत नाही. मशीन पायावर चालतंच.

सुई, दोरा आणि पहिला टाका

घरगुती १५ ला सपाट दांड्याची साधी सुई लागते. सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६ किंवा १८. शिंप्याच्या ३१ ला बहुधा गोल दांड्याची वेगळी सुई लागते. एकाची दुसऱ्यात बसवू नका. सुईची सपाट बाजू हूककडे, आणि लांब खाच ज्या बाजूला तिकडून दोरा ओवायचा. टाके सुटत असतील तर दहांपैकी आठ वेळा सुईच उलटी असते किंवा पूर्ण वर गेलेली नसते, म्हणून बाकी काही उघडण्याआधी नवी सुई.

पहिल्यांदा दोरा न ओवता, पाय वर ठेवून पायटा चालवा. चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येत फिरला पाहिजे. उलटं फिरलं की दोरा तुटतो आणि हूकमध्ये गुंता होतो. सराव झाला की दोरा ओवा, खालचा दोरा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं मागे धरा. वरचा दोरा पांढरा आणि बॉबिनमध्ये लाल भरा, म्हणजे बघायला सोपं. सुती कापडाच्या दोन पदरांवर वीतभर शिवा. खाली पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचं टेन्शन सैल आहे, किंवा दोरा चकत्यांमध्ये बसलेलाच नाही, आणि हे दुसरं जास्त वेळा असतं. वर लाल ठिपके दिसले तर वरचं फार आवळलंय. दोन्ही बाजू सारख्या आल्या, गाठ कापडाच्या पोटात गेली, की नट तिथेच सोडा.

पहिल्या काही तासांच्या शिलाईत आत राहिलेला काळा मळ तेलाबरोबर सुईदांडीवर उतरत राहतो. जवळ चिंधी ठेवा, आणि पहिले चार तुकडे जुन्या चादरीचेच शिवा. हूकच्या खोबणीत रोज शिवायला बसताना एक थेंब, बाकी सांध्यांत आठवड्याला एक-एक. मशीनचं तेलच, आणि खोबरेल पुन्हा डोक्यालाच.